पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत

"लॅपटॉप जोडला की कीबोर्डचा आवाज सुधारतो म्हणे. यूएसबीची केबल लावली की झालं ना?" कीबोर्ड वाजवणारे मित्र हा प्रश्न वरचेवर विचारतात आणि दर वेळी माझं उत्तर 'हो'ने सुरू होऊन 'पण'वर अडकतं. घरी, हेडफोन लावून, एकट्याने वाजवायचं तर केबल लावली की खरोखरच झालं. स्टेजवर मात्र तोच लॅपटॉप दुसऱ्याच गाण्यात टक-टक करायला लागतो, नाहीतर बोट पडल्यावर आवाज किंचित रेंगाळून येतो, नाहीतर कोणी काही वाजवत नसतानाही स्पीकर घूं करत राहतो. मग वाजवणारा लॅपटॉपवर चिडतो आणि साउंडवाला वाजवणाऱ्यावर.

ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. पहिली दोन सख्खी भावंडं; तिसऱ्याचा लॅपटॉपच्या वेगाशी काडीचाही संबंध नाही. आत काय चालतं हे एकदा समजून घेतलं, की कुठलं दुखणं कुठून आलं हे स्टेजवर उभ्या उभ्या ओळखता येतं.

केबलमधून सूर जात नाही

आधी एक गैरसमज काढून टाकू. कीबोर्डकडून लॅपटॉपकडे या केबलमधून आवाज जात नाही, जाते ती फक्त खबर. मधल्या सीची पट्टी तुम्ही जरा जोरात दाबलीत, तर केबलमधून तीन आकडे जातात: १४४, ६०, ९६. पहिला आकडा सांगतो की पहिल्या चॅनलवर एक पट्टी दाबली गेली, दुसरा त्या पट्टीचा नंबर, तिसरा जोर. जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. बोट उचललं की तशीच आणखी एक खबर जाते: ६० नंबरची पट्टी सुटली. सस्टेन पेडल (पट्टी सोडली तरी सूर लांबवणारं) दाबलं की ६४ नंबरच्या कंट्रोलची खबर जाते. बस, एवढंच. या बोलीला मिडी म्हणतात. (काही कीबोर्डांत त्याच यूएसबीतून आवाजही जाऊ शकतो, पण तो वेगळा रस्ता, त्याच्या वाटेला आज जायला नको.)

ही बोली चांगली जुनी आहे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'नॅम' या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसरा वाजायचा. पाच पिनांच्या त्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जायचे, म्हणजे एका पट्टीची खबर पोचायला साधारण एक मिलिसेकंद. आज यूएसबीमुळे वेग कितीतरी वाढला, पण बोली तीच राहिली. या कामासाठी सीक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

आता जोर कसा मोजतात तेही बघा, कारण यात गंमत आहे. पट्टीला खरं तर जोर कळतच नाही. पट्टीखाली एकापाठोपाठ एक लागणारे दोन संपर्क असतात. पहिला लागला आणि दुसरा लागला, यांच्यामध्ये किती वेळ गेला एवढंच कीबोर्ड मोजतो. वेळ कमी म्हणजे बोट वेगात आलं, आकडा मोठा. वेळ जास्त म्हणजे हळुवार बोट, आकडा लहान. लॅपटॉपमधल्या पियानोच्या लायब्ररीत प्रत्येक पट्टीची हळू, मध्यम, जोरात अशी अनेक रेकॉर्डिंग साठवलेली असतात. आलेल्या आकड्यावरून त्यातलं एक निवडून ते वाजवलं जातं.

म्हणून तुमच्या कीबोर्डचा स्वतःचा आवाज सुमार असला तरी लॅपटॉपला त्याचं सोयरसुतक नसतं. पट्ट्यांचा स्पर्श मात्र वाईट असेल तर जगातला उत्तम पियानोही भुंडा वाजेल. नवा आवाज ऐकून "यात जीव नाही" असं वाटलं, तर तो आवाज फेकून देण्याआधी सॉफ्टवेअरमधला व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे आलेल्या जोराच्या आकड्याचा कितीचा आकडा करायचा ती सोय, बदलून बघा. तुमच्या हाताला ७० येतंय तिथे त्या लायब्ररीला ९० हवं असतं, एवढंच असतं बऱ्याचदा.

आकड्यांच्या दोन घोळांनी नवख्यांच्या रात्री घालवल्या आहेत. मधला सी म्हणजे ६० नंबर, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण त्याला यामाहा सी-३ म्हणतं आणि रोलँड सी-४. त्यामुळे "सी-४ पासून डावीकडे बेस, उजवीकडे पियानो" अशी पट्ट्यांची वाटणी (स्प्लिट) केली की ती एका सप्तकाने सरकलेली निघते. दुसरं असं, की आवाज बदलायच्या खबरेत आकडे ० ते १२७ असतात, पण कितीतरी कीबोर्ड तेच १ ते १२८ असे दाखवतात. पाचवा आवाज मागितला आणि सहावा आला, तर यंत्र बिघडलेलं नाही.

रहाटाचे पोहरे

आता मुख्य दुखणं. पट्टीची खबर लॅपटॉपला पोचली. तिथून स्पीकरपर्यंतचा प्रवास समजला की अर्धी लढाई जिंकलात.

डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे. लॅपटॉप हे आकडे एकेक करून देत नाही, त्याला ते झेपायचं नाही. तो गठ्ठ्याने देतो. डोळ्यांसमोर रहाट आणा. खाली पोहरा भरतो, वर जाऊन रिकामा होतो, तोवर पुढचा भरलेला हवा. पोहरा भरणारा लॅपटॉप, रिकामा करणारं साउंड कार्ड किंवा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायची आवाजाची पेटी. पोहऱ्याचं माप म्हणजे बफर. आणि हा रहाट कुणासाठी थांबत नाही. पोहरा भरून झाला नाही तर तो तसाच वर जातो, आणि स्पीकरमधून 'टक' ऐकू येतं.

बफर १२८ आकड्यांचा ठेवला आणि वेग ४८,००० असला, तर एक पोहरा भरायला लॅपटॉपला २.७ मिलिसेकंद मिळतात. २५६ ठेवला तर ५.३. ५१२ ला १०.७ आणि १०२४ ला २१.३. पोहरा लहान ठेवला की आवाज पटकन येतो, पण भरणाऱ्याची धावपळ होते. मोठा ठेवला की भरणारा निवांत, पण पाणी उशिरा येतं. टक-टक आणि रेंगाळणं ही भावंडं आहेत म्हणालो ते यासाठी: एकाला दाबलं की दुसरं डोकं वर काढतं.

मग किती उशीर चालतो? हवेतून आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकायचा स्पीकर) साडेतीन मीटरवर ठेवला असेल, तर लॅपटॉप नसतानाही तुम्ही दहा मिलिसेकंद उशिराच ऐकता, आणि तक्रार करत नाही. माझ्या हाताचा अनुभव असा, की सगळं मिळून दहा-बारापर्यंत काही जाणवत नाही, वीसच्या पुढे बोटं ओढल्यासारखी वाटतात आणि लय आपोआप मागे पडते. हेसुद्धा आवाजावर ठरतं. सावकाश उमलणाऱ्या स्ट्रिंग्जवर पंचवीससुद्धा खपून जातात. पियानोवर किंवा तालवाद्यांच्या आवाजावर मात्र पंधराही बोचतात. मी स्टेजवर १२८ किंवा २५६ ठेवतो. ६४ चा हट्ट धरणारे भेटतात, पण त्यांनी मिळवलेला दीड-दोन मिलिसेकंदांचा फायदा मॉनिटरपासून अर्धा मीटर मागे सरकल्यावर संपतो.

सॉफ्टवेअर जो उशिराचा आकडा दाखवतं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पट्ट्या तपासायला कीबोर्डला लागणारा वेळ, ड्रायव्हरने (लॅपटॉप आणि इंटरफेस यांना जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने) आत लपवलेला जादाचा बफर, आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपचा वेळ, यातलं काही ना काही त्या आकड्यात धरलेलं नसतं. आणि 'राउंड ट्रिप' असा जो मोठा आकडा दिसतो तो बघून घाबरायचं कारण नाही. गायक किंवा गिटारवाला आपला आवाज लॅपटॉपमध्ये घालून परत बाहेर काढतो, त्याला तो लागू. कीबोर्डवाल्याचा आवाज लॅपटॉपमध्येच जन्मतो, त्यामुळे आपल्याला फक्त बाहेर जायचा रस्ता मोजायचा.

विंडोजवर या रस्त्यासाठी आस्यो नावाचा ड्रायव्हर लागतो. स्टाइनबर्ग कंपनीने तो १९९७ च्या सुमारास आणला, आणि अजूनही त्याच्यावाचून पान हलत नाही. विंडोजचा नेहमीचा रस्ता सिनेमा बघायला ठीक, वाजवायला नाही. मॅकमध्ये हे काम मुळातच असलेलं कोअर ऑडिओ करतं. ऑडिओ इंटरफेस घ्या असं सगळे सांगतात त्याचं पहिलं कारण हा चांगला ड्रायव्हरच आहे. आवाजाचा दर्जा त्यानंतर. ब्लूटूथच्या स्पीकर-हेडफोनचं तर नावच काढू नका, तिथे १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात.

मीटर तीस टक्के, तरी टक-टक

"माझा प्रोसेसर तीस टक्क्यांवर जात नाही, तरी आवाज फुटतो." ही तक्रार खरी असते, आणि कोड्यात टाकणारीही. तीस टक्के ही सरासरी आहे, आणि रहाटाला सरासरी कळत नाही. हजार पोहरे वेळेत भरले आणि एक राहिला, तर तो एकच सगळ्या सभागृहाला ऐकू येतो. वायफायच्या ड्रायव्हरने आसपासचं नेटवर्क शोधायला प्रोसेसर फक्त चार मिलिसेकंद अडवून धरला, तरी २.७ चा पोहरा गेलाच.

म्हणून स्टेजवरच्या लॅपटॉपला ताकदीपेक्षा एकाग्रता जास्त लागते. वायफाय आणि ब्लूटूथ बंद. अपडेट थांबवलेली. सूचना गप्प. झोपायची सोय बंद, आणि विंडोज असेल तर यूएसबीची वीज वाचवण्याची सोयही बंद, कारण तीच निवांत क्षणी इंटरफेसचा गळा दाबते. अडॅप्टर लावलेला, कारण बॅटरीवर कितीतरी लॅपटॉप आपला वेग स्वतःहून कमी करतात. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालू ठेवलं की कुठला ड्रायव्हर अडवणूक करतो ते सांगतं; बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो. उन्हात ठेवलेला लॅपटॉप तापून मंदावतो, तेव्हा खालून हवा लागेल अशा स्टँडवर आणि सावलीत ठेवा. आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात नवीन काहीही बसवू नका, कितीही मोह झाला तरी.

आवाज निवडताना थोडं कंजूष राहा. मोठ्या पियानो लायब्ररीत एकेका पट्टीचे अनेक थर असतात. सुरुवातीचा तुकडा मेमरीत असतो आणि उरलेला आवाज वाजवता वाजवता डिस्कवरून ओढला जातो. सस्टेन पेडल दाबून दोन्ही हातांनी चार मात्रा वाजवा, शेकडो आवाज एकावर एक साचतात आणि सगळ्यांचे आकडे त्याच पोहऱ्यात भरायचे असतात. लायब्ररी एसएसडीवर ठेवा, बाहेर लोंबणाऱ्या पेन ड्राइव्हवर नाही, आणि एका वेळी किती आवाज वाजावेत त्यावर मर्यादा घाला. ढोबळ बोलायचं तर ड्रम आणि बेस वाजायला लागले की पियानोच्या लाकडाची कुजबुज कोणालाही ऐकू येत नाही. घरी थक्क करणारा अजस्र पियानो स्टेजवर अनेकदा चिखलासारखा वाटतो. मी साधा, हलका, जरा उजळ पियानो नेतो.

गाण्यागणिक आवाज बदलायचे, हा तर लॅपटॉप नेण्यामागचा खरा हेतू. मेनस्टेज, गिग परफॉर्मर, कँटाबिली ही सॉफ्टवेअर त्यासाठीच बनलेली आहेत. सगळ्या गाण्यांचे आवाज आधीच मेमरीत भरून ठेवायचे आणि कीबोर्डवरच्या बटणाने किंवा पायाच्या स्विचने पुढे जायचं. एबल्टन लाइव्हही अनेक जण वापरतात, विशेषतः सोबत आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक सोडायचे असतील तर. गाणं बदलताना माउसला हात लावावा लागत असेल तर मांडणी चुकली असं समजा. ट्रॅकबद्दल इतकंच म्हणेन, की एकदा ट्रॅक आणि ड्रमरच्या कानातली ताल मोजणारी क्लिक लॅपटॉपमधून निघाली की लॅपटॉप अडखळल्यावर एकटे तुम्ही नाही, सगळा बँड अडखळतो.

आणि पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज एवढंच वाजवायचं असेल, नि तुमच्या कीबोर्डमध्ये ते बरे असतील, तर लॅपटॉप घरीच ठेवा. हे मी मनापासून सांगतोय.

घूं

आता ते तिसरं दुखणं. मिक्सर एका प्लगमधून अर्थिंगला जोडलेला, लॅपटॉपचा अडॅप्टर दुसऱ्या प्लगमधून, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबल मध्ये. अर्थिंगचा असा गोल वेढा तयार झाला की त्यात वीज खेळते आणि ती स्पीकरमध्ये ऐकू येते: जिथे जी वीज असेल त्याप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झचा घुमारा. कधी त्याबरोबर एक बारीक किणकिण येते, जी माउस हलवला की बदलते.

ओळखायची खूण अगदी सोपी. अडॅप्टर उपटा. आवाज तत्क्षणी गेला तर वेढाच आहे. उपाय म्हणजे इंटरफेस आणि मिक्सर यांच्या मधोमध डीआय बॉक्स, म्हणजे केबलच्या मध्ये लावायची छोटी पेटी, तीही आत ट्रान्सफॉर्मर असलेली. ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेला तार लागतच नाही, आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो आणि वेढा तुटतो. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर ते दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा 'जुगाड' कोणी सुचवला तर त्याला हात जोडा. ती पिन घुमाऱ्यासाठी नाही, जिवासाठी असते.

भाषण लांबलं तेव्हा

एकदा आमच्या आधीचं भाषण लांबलं. लॅपटॉप बॅटरीवर होता, अडॅप्टर नंतर लावू म्हणून ठेवला होता. वाजवायची वेळ आली तेव्हा स्क्रीन काळी. जागा केला तर इंटरफेस ओळखेना. निवेदक आमचं नाव घेत होता. मी कीबोर्डचा स्वतःचा पियानो चालू केला आणि पहिलं गाणं त्यावर काढलं. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आत लॅपटॉप परत आला. श्रोत्यांपैकी कोणालाही पत्ता लागला नाही. तसं जमलं ते एका कारणाने: कीबोर्डच्या मागच्या जॅकमधून एक केबल मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला आधीपासून गेलेली होती.

यात एक खाच आहे. लॅपटॉप जोडल्यावर पट्टी दाबली की दोन आवाज येतात, एक कीबोर्डचा आणि एक लॅपटॉपचा. तो दुहेरीपणा घालवायला 'लोकल ऑफ' करा असं सगळीकडे सांगतात. त्याने पट्ट्यांचा कीबोर्डच्या आतल्या आवाजाशी असलेला धागा तुटतो, खबर फक्त बाहेर जाते. स्टुडिओत ठीक. स्टेजवर लॅपटॉप मेला तर लोकल ऑफवरचा कीबोर्ड मुका असतो, आणि ती सोय परत चालू करायला तीन मेनू खणावे लागतात. म्हणून मी लोकल चालूच ठेवतो आणि कीबोर्डचं मास्टर व्हॉल्यूम शून्यावर ठेवतो. लॅपटॉपला शून्याशी काही देणंघेणं नाही, त्याला खबर पोचतेच. (काही कीबोर्ड व्हॉल्यूमचा आकडाही मिडीतून पाठवतात. तसं असेल तर लॅपटॉपही गप्प होईल, तेव्हा घरी एकदा फिरवून बघा.)

कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर नको, एवढं जाता जाता. बऱ्याच कीबोर्डांना पेडलची उलट-सुलट दिशा त्याच क्षणी कळते; पाय दाबलेला असेल तर पाय उचलल्यावर सस्टेन लागतं.

तालमीत मी आता एक खेळ खेळतो. गाणं चालू असताना सोबत्याने न सांगता माझी यूएसबी केबल उपटायची. पहिल्यांदा केला तेव्हा वेगळीच फजिती झाली. केबल निघाली, पण दाबलेल्या चार पट्ट्यांचा सूर थांबेचना. थांबणार कसा? पट्टी सुटल्याची खबर ज्या वाटेने जायची ती वाटच नव्हती. लॅपटॉपच्या मते माझी बोटं अजून खालीच होती. मी कीबोर्डचं व्हॉल्यूम वर केलं आणि त्या लटकलेल्या सुराशी भांडत पुढच्या चार ओळी वाजवल्या.

त्यानंतर क्रम ठरवून टाकला. डावा हात आधी इंटरफेसच्या व्हॉल्यूमच्या बटणावर, ते शून्यावर. मग तोच हात कीबोर्डच्या व्हॉल्यूमवर, ते कागदी पट्टीने केलेल्या खुणेपर्यंत. उजवा हात वाजवतच राहतो. यासाठी इंटरफेस लॅपटॉपमागे लपवायचा नाही, कीबोर्डच्या डाव्या टोकाला हाताशी ठेवायचा. मध्यम लयीत हे सगळं व्हायला मला सध्या दोन मात्रा लागतात.